पॅरिसच्या फोटो मेळ्याला जावं का? परळीच्या स्टुडिओवाल्याला सल्ला हवा

परळीचा_स्टुडिओवाला

नमस्कार मंडळी. परळी वैजनाथला माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. पोटापाण्याचं काम म्हणजे लग्नं, बारसी, पासपोर्ट फोटो आणि सीझनला करिझ्मा अल्बम. त्याशिवाय एक काम बऱ्याच वर्षांपासून मनानं करत आलोय. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघायच्या आधी त्या त्या गावात, वस्तीवर, तांड्यावर जाऊन मी एकेका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा उभा फोटो काढतो. फ्लॅश नाही, पडदा नाही, घराचीच भिंत मागं. एक कॉपी त्यांना देतो, एक माझ्याकडे राहते. सुरुवातीचे रोलवरचे आहेत, नंतरचे डिजिटल.

आता भाचा नोकरीसाठी पॅरिसजवळ राहायला गेलाय. तो म्हणायलाय, "मामा, नोव्हेंबरात या, इथं पॅरिस फोटो नावाचा मोठा मेळा भरतो. तुमच्यासारख्यानं एकदा बघायलाच पाहिजे." राहण्याचा खर्च नाही, पण विमान, व्हिसा हे सगळं आहेच. शिवाय तुळशीचं लग्न लागलं की आमच्या तारखा सुरू होतात, त्या सोडून कसं जायचं हाही प्रश्न. फ्रेंच येत नाही, इंग्रजी कामापुरतं.

इथं कुणी हा मेळा पाहिलाय का? माझ्यासारख्यानं तिथं जाऊन काय बघावं? ऊसतोडीचे फोटो सोबत न्यावेत का, तिथं कुणी बघतं का? मनापासून विचारतोय, कारण वय झालं की हे राहूनच जाईल.

नांदेड_कलर_लॅब

भाऊ, जा. मी २०२४ ला जाऊन आलो. लेक-जावई ब्रसेल्सला असतात, तिथून रेल्वेनं पॅरिस दीडेक तासावर. मी लॅबवाला माणूस आहे, दिवसभर दुसऱ्यांचे फोटो छापतो, त्यामुळे त्या नजरेनं जे दिसलं ते सांगतो.

आधी तारखांचं. मेळा दरवर्षी नोव्हेंबरात, गुरुवार ते रविवार असतो. बुधवार निमंत्रितांचा. २०२४ ला ७ ते १० नोव्हेंबर होता, तुळशीचं लग्न लागायच्या आत. २०२५ ला १३ ते १६ नोव्हेंबर, तेव्हा मुहूर्त सुरू झाले होते. त्यामुळे मेळ्याची तारीख जाहीर झाली की पंचांग शेजारी ठेवून बघा. ज्या वर्षी दिवाळी उशिरा, त्या वर्षी तुमचं काम न बुडता जाणं होतं.

हा मेळा म्हणजे बाजार आहे, हे मनात पक्कं धरून आत जा. जगभरातल्या गॅलऱ्या आपापले गाळे मांडतात आणि भिंतीवरचा जवळपास प्रत्येक प्रिंट विकायला असतो. १९९७ पासून हे चालू आहे. सुरुवातीला लूव्र म्युझियमच्या खालच्या कारूझेलमध्ये भरायचा, २०११ पासून ग्राँ पाले या इमारतीत. ती १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, लोखंड आणि काचेच्या छताची. मध्ये काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती तेव्हा मेळा आयफेल टॉवरजवळच्या तात्पुरत्या मंडपात गेला आणि २०२४ ला परत आला. छत काचेचं असल्यामुळे आत दिवसाचा उजेड असतो. फोटोच्या फ्रेमवर तो चमकतोही, त्यामुळे काही प्रिंट जरा बाजूला सरकून बघावे लागतात. नोव्हेंबरात तिथं पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. दार उघडायच्या वेळेलाच पोचा. गर्दीही कमी असते आणि कृष्णधवल प्रिंटचा खरा रंग त्याच उजेडात कळतो.

मी गेलो त्या वर्षी दारातून आत शिरल्याबरोबर समोर ऑगस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराची भिंत होती. सहाशेच्या वर पोर्ट्रेट, एकाला एक लागून. भाऊ, तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर मला तीच भिंत आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा माणूस तुमच्यासारखाच स्टुडिओवाला. १८७६ चा जन्म, बाप खाणीत सुतार. आधी लिंझला, मग कलोनला स्टुडिओ चालवला. गिऱ्हाइकांचे फोटो काढून घर चालवायचं आणि वेळ काढून वेस्टरवाल्डच्या खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांचे फोटो काढायचे. पुढे त्याच्या मनानं घेतलं की आपल्या काळातली सगळ्या थरांतली माणसं अशीच उभी करायची. शेतकरी, कारागीर, बाया, वकील, कलावंत, सर्कसवाले, भिकारी, आंधळी मुलं. 'विसाव्या शतकातली माणसं' हे त्या कामाचं नाव आणि पहिला भाग शेतकऱ्यांचाच. त्यातले ६० फोटो १९२९ मध्ये पुस्तकात आले. नाझींना ती माणसं पसंत पडली नाहीत, १९३६ मध्ये त्यांनी छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. मुलगा नाझींच्या तुरुंगात वारला. युद्ध संपल्यावर तळघराला आग लागून हजारो निगेटिव्ह गेले. १९६४ मध्ये माणूस वारला तेव्हा काम अपुरंच होतं. भिंतीवर जे होतं ते नातवानं मूळ निगेटिव्हवरून केलेले प्रिंट होते.

त्यात १९१४ चे तीन तरुण शेतकरी आहेत, नाचाला निघालेले, अंगात सूट, हातात काठ्या, पायाखाली चिखलाची वाट. मी त्यांच्या बुटांजवळची माती बघत उभा राहिलो. काळ्यातही एवढे पदर असतात हे मला माहीत होतं, पण डोळ्यांना सवय राहिली नव्हती. आपण सगळे मोबाइलवर बघायलो. स्क्रीनवर काळं म्हणजे नुसतं काळं.

आता प्रत्येक फोटोखालच्या पट्टीकडे लक्ष द्या, खरं शिक्षण तिथं आहे. छायाचित्रकाराचं नाव, फोटोचं नाव, मग बऱ्याचदा दोन सालं. पहिलं फोटो काढल्याचं, दुसरं तो कागद छापल्याचं. काढला त्याच काळात छापलेला असेल तर त्याला व्हिंटेज प्रिंट म्हणतात, त्याचा भाव वेगळा. तोच निगेटिव्ह, तोच फोटो, पण चाळीस वर्षांनी छापला असेल तर किंमत बरीच खाली येते. पुढे प्रिंटची जात: सिल्व्हर जिलेटिन, प्लॅटिनम, सायनोटाइप, पिगमेंट. आणि मग ३/७ असं काहीतरी, म्हणजे या मापाचे सातच प्रिंट निघणार, त्यातला हा तिसरा. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणतं आठ कॉप्या द्या, आपण बत्तीस देतो. तिथं सातच्या पुढे आठवा निघाला तर विश्वासच संपला. विकला की शेजारी लाल ठिपका लावतात. किंमत बऱ्याच ठिकाणी लिहिलेली नसते. विचारली तर सांगतात, विचारायला लाजू नका. फक्त बोलायच्या आधी 'बाँजूर' म्हणायचं. तेवढं न म्हणता एकदम प्रश्न टाकला तर त्यांना ते उद्धट वाटतं.

एका छोट्या गाळ्यात तळहाताएवढा जुना प्रिंट होता, पावसातल्या रस्त्याचा. मी नाक लावून बघत होतो. वरच्या आकाशात कोपऱ्याला धुळीचा ठिपका ब्रशनं भरलेला दिसला. स्पॉटिंग केलेलं. ज्यांच्या हाताखाली मी डार्करूम शिकलो ते तीन शून्याचा ब्रश ओठांत धरून हेच करायचे. मी गाळ्यावरच्या बाईंना बोट करून दाखवलं. त्या हसल्या, त्यांनी प्रिंट भिंतीवरून उतरवला आणि उलटा करून मागची बाजू दाखवली. शिसपेन्सिलीनं आकडे, स्टुडिओचा शिक्का, कात्रीच्या खुणा. मी काही घेणार नाही हे त्यांना कळत होतं, तरी पंधरा मिनिटं त्या मला एकेक प्रिंट उलटा करून दाखवत होत्या. कामातला माणूस कामातल्या माणसाला ओळखतो, त्याला भाषा लागत नाही.

माझं एक मत सांगतो. भिंतभर मोठे प्रिंट बघून दबून जाऊ नका. त्यातले बरेच मला रिकामे वाटले, मापावरच उभे होते. वेळ छोट्या प्रिंटांना द्या. वरच्या बाल्कनीत नव्या छायाचित्रकारांचे गाळे असतात, तिथं एकेकाचंच काम लावलेलं असतं, ते शांतपणे बघता येतं. आणि फोटोपुस्तकांचे स्टॉल सोडू नका, तिथं पुस्तक हातात घेऊन चाळू देतात. २०१२ पासून तिथं फोटोपुस्तकांना बक्षीसही देतात आणि निवडलेली पुस्तकं मांडलेली असतात.

तुमचे फोटो गॅलरीवाल्यांना दाखवायला नेऊ नका. त्या चार दिवसांत ते हजारो युरो मोजून गाळा घेऊन बसलेले असतात, वर्षाचा धंदा तिथं असतो. मध्येच कुणी पेटी उघडली तर त्यांना संकोच होतो आणि आपल्यालाही वाईट वाटतं. पण पुस्तकवाल्यांकडे वेगळं वातावरण आहे, तिथं छोटी डमी, म्हणजे होऊ घातलेल्या पुस्तकाचा नमुना, दाखवता येते.

लातूरची_हल्ली_ल्यों

काका, मी लातूरची, शिक्षणासाठी फ्रान्समध्ये आहे. नांदेडच्या काकांनी मेळ्याचं सांगितलंच, मी कागदपत्रांचं सांगते, कारण खरी दमछाक तिथंच होते.

तुम्ही भाच्याकडे राहणार, म्हणजे त्याला त्याच्या गावच्या मेरीतून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतून, 'आतेस्तासियों दाक्यॉय' नावाचं यजमानपत्र काढावं लागेल. त्याला घराचे, पगाराचे कागद द्यावे लागतात, घर किती चौरस मीटर आहे तेही विचारतात. मूळ प्रत तुमच्याकडे कुरियरनं यायला हवी. यात वेळ जातो, म्हणून त्याला श्रावणातच कामाला लावा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी व्हायलाच हवा. दिवाळीच्या आसपास भेटीची वेळ मिळणं अवघड होतं. अर्ज मुंबईला किंवा पुण्याला द्यायचा, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, केंद्राची फी वेगळी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तुमचा स्वतःचा धंदा आहे तर शॉप अॅक्टचं लायसन्स, इन्कम टॅक्स रिटर्न आणि बँक स्टेटमेंट नीट लावा. परत येणार आहात हे त्या कागदांतून दिसायला हवं.

मेळ्याचं तिकीट ऑनलाइन काढा, दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी लागते. मेट्रोचं स्टेशन शाँझेलिझे-क्लेमाँसो, १ आणि १३ नंबरच्या लाइनवर. बाहेर पडलं की इमारत समोरच. आत पाय फार दुखतात आणि खायचं महाग आहे. मी काय करते सांगू? समोरच पती पाले आहे, तिथला कायमचा संग्रह फुकट बघता येतो, आत छान बागही आहे. दुपारी तिथं जाऊन बसायचं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली तर दिवस निघतो. थंडी बोचरी असते, पाऊसही, स्वेटरवर पाणी न लागणारं जाकीट लागेलच.

आणखी एक मनापासून. तुम्ही ऊसतोडीच्या जोड्यांचे फोटो काढलेत, त्यांना कॉपी दिलीत, हे फार मोठं आहे. पण बाहेर कुठंही दाखवायच्या आधी त्या लोकांना विचारा. घरच्या भिंतीवर लावायला दिलेला फोटो वेगळा आणि परक्या गावात लोकांपुढे मांडलेला वेगळा. आमच्या शेजारच्या वस्तीतली माणसं दरवर्षी उचल घेऊन जायची. त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन येणारे खूप असायचे, परत येऊन सांगणारं कुणी नसायचं.

परभणी_कॅन्डिड

दादा, राग मानू नका, पण दोन लाखांच्या घरात खर्च जाईल. तेवढ्यात एक चांगली लेन्स येते, ती दहा वर्षं पोट भरते. झांडरचे फोटो नेटवर आहेत, मोठ्या साइझमध्ये आहेत. मी स्वतः तिथूनच शिकलो. धंद्यात आता इतकी ओढाताण आहे की सीझनच्या तोंडावर शहराबाहेर राहणं परवडत नाही.

नांदेड_कलर_लॅब

परभणीकर, तुमचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत त्यानं लेन्सच घ्यावी. पण नेटवर बघून तुम्हाला मांडणी कळते, प्रकाश कळतो. प्रिंट कळत नाही. मी कितीतरी वर्षं मशीनवर ग्लॉसी कागद ओढतोय, मॅट, मेटॅलिक सगळं. एकाही गिऱ्हाइकानं मला विचारलं नाही की यातला काळा किती खोल येईल. तिथून आल्यावर मी स्वतःलाच ते विचारायला लागलो आणि माझ्या लॅबचं काम सुधारलं. धंद्याच्या हिशेबानंही गेलेले पैसे वसूल झाले, असं मी मानतो.

औरंगपुऱ्याचे_चित्रकला_शिक्षक

मी छत्रपती संभाजीनगरला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. मेळा पाहिलेला नाही, पण पॅरिसला मुलासोबत जाणं झालं होतं. परळीकर, दोन दिवस मेळ्याला दिलेत तर एक दिवस आल्बेर-कान म्युझियमला द्या. मेट्रोच्या १० नंबरच्या लाइनचं शेवटचं स्टेशन. आल्बेर कान हा सावकार, म्हणजे मोठा बँकवाला होता. त्यानं १९०९ पासून जगभर छायाचित्रकार पाठवले आणि माणसांचे, गावांचे रंगीत फोटो काढवून घेतले, सुमारे ७२,००० काचेच्या प्लेटा. १९२९ च्या मंदीनंतर त्याची दौलत बुडाली तोवर हे चालू होतं. त्यातला एक छायाचित्रकार, स्तेफान पासे, हिंदुस्थानातही येऊन गेला. ही रंगीत रीत ल्युमिएर बंधूंची, १९०७ मध्ये बाजारात आली. बटाट्याच्या पिठाचे बारीक कण नारिंगी, हिरवे, जांभळे रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यांतून प्रकाश गाळायचा. जवळून बघितलं की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसलेला जाणवतो. मुलांना बटाट्याचं सांगितलं की ती डोळे मोठे करायची.

आपला भागही या कलेच्या इतिहासात कोरडा नाही. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं उतरवत होता. त्याचे बहुतेक कॅनव्हास लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये गेले, पण त्यानं काढलेली लेण्यांची ७४ छायाचित्रं १८६४ च्या पुस्तकात आधीच छापली होती, म्हणून ती राहिली. हैदराबादच्या सहाव्या निजामाचा छायाचित्रकार लाला दीनदयाळ. १८९२ मध्ये त्यानं पडद्यातल्या बायकांसाठी हैदराबादला वेगळा स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला होता. वेरूळ, देवगिरी, बिबी का मकबरा, आपल्या मुलखातल्या या वास्तूंचे जुने फोटो याच परंपरेतून आले. पण त्यात वास्तू भरपूर, राजे-नवाब भरपूर, राबणारा माणूस कडेला, मापासाठी उभा केलेला. खांब किती उंच ते कळावं म्हणून. तुमच्या फोटोत तो मधोमध उभा आहे, म्हणून मला तुमचं काम महत्त्वाचं वाटतं. आपल्याच अकोल्याकडचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम असंच वर्षानुवर्षं केलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छायाचित्रकार गौरी गिल यांनी राजस्थानातल्या खेड्यांतल्या माणसांचे फोटो असेच अनेक वर्षं काढले, त्यांना २०२३ चा प्री पिक्ते हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा असं काम कुणी बघत नाही असं समजू नका.

परळीचा_स्टुडिओवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचं वाचून वडिलांची ट्रंक उघडली. लातूरच्या ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला, या वर्षी टोळ्या निघायच्या आधी जाईन तेव्हा प्रत्येक घरी विचारूनच पुढं जाईन. जे नको म्हणतील त्यांचा फोटो घरातच राहील. भाच्याला आजच फोन केला, तो मेरीत चौकशी करायलाय.

नांदेडचे भाऊ, एक राहिलं. पुस्तकवाल्यांना दाखवायची डमी म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्याकडे अल्बमच्या बाराबाय छत्तीस इंची शीटचीच सवय.

नांदेड_कलर_लॅब

बाराबाय छत्तीस विसरा. आठ बाय दहा इंच, किंवा त्याहून लहान. वीस-पंचवीस फोटोच निवडा, सगळे नको. चकाकणारा कागद नको, कॉटन रॅग कागदावर पिगमेंट शाईनं काढू. रोलवरचे जे आहेत त्यांचे निगेटिव्ह आणा, मी स्कॅन करतो. त्यातला एखादा आपण डार्करूमलाही करून बघू, माझ्याकडे जुना एन्लार्जर अजून चालू आहे. चेहरा गोरा करायचा नाही, सुरकुत्या घालवायच्या नाहीत, मागच्या भिंतीचा पोपडा तसाच ठेवायचा. प्रत्येकाच्या मागं शिसपेन्सिलीनं गाव, साल, महिना आणि त्यांची परवानगी असेल तर नावं. बॉलपेन नको, शाई पुढं उमटते. शेजारच्या पानावर मराठीत दोन ओळी आणि खाली इंग्रजी. इंग्रजी लातूरच्या ताई करून देतील का, त्यांना विचारा.

पितृपक्षात लॅब रिकामी असते, तेव्हा दोन दिवस काढून या. नांदेडला राहायची सोय माझ्याकडेच. फाइली व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, मूळ फाइली पेनड्राइव्हवर आणा, आणि वडिलांच्या ट्रंकेत निगेटिव्ह असतील तर तेही पुसायला न जाता आहेत तसे घेऊन या. कापडानं घासले की ओरखडे पडतात.